मनोऱ्यावरची तातडीची सभा

आमच्या साखर कारखान्याचे संचालक मंडळ थायलंडच्या अभ्यासदौऱ्यावर गेले ते पावसाळ्यात. कारण पावसाळ्यात साखर कारखाना बंद असतो आणि संचालकांना सवड असते. तिकडचे साखर कारखानेही पावसाळ्यात बंद असतील, ही गोष्ट निघण्यापूर्वी कोणाच्या ध्यानात आली नाही. माझ्या आली होती, आणि ती मी एका बैठकीत सांगितलीही होती. परंतु मी सांगणे आणि ते ऐकू जाणे या त्या काळी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

हे बहात्तर सालचे. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, तालुक्याच्या एका गावी, कारखान्याच्याच शिक्षणसंस्थेने नवे महाविद्यालय काढले होते आणि तेथे मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. सकाळी जे साखरेचे संचालक असत तेच दुपारी शिक्षणाचे विश्वस्त होत. टोप्या त्याच, बैठकीची सतरंजी तेवढी बदले. मी प्रोबेशनवर होतो आणि माझी मुदत ऑगस्टअखेर संपत होती. माझ्याविषयी तक्रार एकच होती, आणि ती खरी होती. माझा आवाज वर्गात पोचत नसे. तास संपल्यावर मुले नम्रपणे येऊन विचारत, ‘सर, आज काय झालं?’ मी पुन्हा सांगे, आणि ती पुन्हा नम्रपणे निघून जात.

चेअरमनसाहेबांनी मला एकदा बंगल्यावर बोलावून घेतले. ते धिप्पाड, हसतमुख गृहस्थ होते आणि कोणाचेही वाईट करताना त्यांना मनापासून वाईट वाटत असे.

“सर, तुमची विद्वत्ता आम्हाला मान्य आहे,” ते म्हणाले, “पण ती दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा जात नाही. आता असं करू. आम्ही परदेशात चाललोय. आमच्यात इंग्रजी बोलणारा कोणी नाही. तुम्ही दुभाषी म्हणून चला. तिथं तुमचा आवाज निघाला, तर मी स्वतः तुम्हाला कायम करण्याचा विषय मांडतो. नाही निघाला, तर मग… तुम्हीच सांगा, काय करू?”

मी काही तरी म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरला आणि हताशपणे मान हलवली.

कायम न झाल्यास काय होणार, हे मला ठाऊक होते. नेवाशाला वडीलबंधूंनी तालुका कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती, आणि तेथे बोलावे लागत नाही, हे ते मला आवर्जून सांगत. जागा वाईट नव्हती. पण झाडाझुडपांविषयी विचार करण्याबद्दल पगार देणारी जागा मला जगात एकच मिळाली होती, आणि ती मला सोडायची नव्हती. निघताना पत्नीने दाराशी सांगितले, “तिकडे तरी जरा मोठ्यानं बोला.” हे तिने इतक्या हळू सांगितले, की मला दोनदा विचारावे लागले. आमच्या घरात सगळेच तसे बोलत.

दौऱ्यावर आलेल्यांत चेअरमनसाहेब, व्हाइस चेअरमन, त्यांच्या गटाचे दोन अबोल संचालक आणि आबा, असे लोक होते. आबा म्हणजे विरोधी गट. भीमेच्या काठचे, वाळलेल्या शेंगेसारखे सडपातळ, धोतर, काळा कोट आणि पायात जाड वहाणा. विरोधी गटात ते एकटेच होते, पण कोरम पुरा करायला बहुधा त्यांचीच गरज पडे; त्यामुळे त्यांचे वजन गटापेक्षा मोठे होते. एखादा विषय त्यांना पटला नाही, की ते वहाणा घालून सभेतून उठून जात. कोरम मोडे, आणि विषय महिनाभर लोंबकळत राही. माझ्या बाबतीत त्यांचे मत स्वच्छ होते. “माझं पोरगं तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतंय, मास्तर,” ते मला विमानात म्हणाले होते, “आन त्याला अजून कळंना, तुमी शिकवताय का तंबाखू चघळताय. मी तुमाला कायम व्हऊ द्यायचा न्हाई. राग मानू नका.” मी राग मानला नाही. ते खिडकीतून खाली ढग बघत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “एवढं ढग हायती, आन आपल्याकडं एक येत न्हाई.”

बँकॉकपासून बऱ्याच अंतरावर असलेल्या एका साखर कारखान्याच्या फाटकाशी आमची गाडी थांबली. फाटकावर कुत्रे झोपले होते. आत यंत्रे उघडून, वंगण लावून ठेवलेली होती, आणि एक माणूस अंगात बनियन घालून कन्व्हेयरच्या पट्ट्यावर जेवत बसला होता. आमच्या संचालकांना ते दृश्य इतके ओळखीचे होते, की क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर घरी आल्याचे समाधान पसरले. मग चेअरमनसाहेब सावकाश म्हणाले, “यांचाही हंगाम बंद दिसतोय.”

“मग आता?” व्हाइस चेअरमन म्हणाले.

“मंग आता काय,” आबा म्हणाले. “बंद कारखाना बघायचा तर आपला काय वाईट हुता?”

आमच्याबरोबर तिथल्या कृषिखात्याचे एक तरुण अधिकारी होते. पाहुण्यांची अशी निराशा झालेली पाहून ते अतिशय शरमले, जणू ऊस त्यांनीच वेळेवर वाढवला नव्हता. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की देशात अलीकडे राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली आहेत, आणि दौऱ्याचे उरलेले दिवस आम्ही ती पाहण्यात घालवली तर त्यांना मोठा आनंद होईल. मी ते भाषांतर करून सांगितले. दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा आबांनी सांगितले, “बाग दाखवतो म्हनतोय.”

त्यामुळे पहिल्या उद्यानात पोचेपर्यंत आमचे संचालक कारंजी आणि गुलाबाचे ताटवे शोधत होते. तेथे चुनखडीचे उभे डोंगर होते, आणि त्यांच्या अंगावर, जेथे मुळाला बोटभरही माती नव्हती, तेथे झाडे उभी होती. धबधब्याचे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी हिरवेनिळे उतरत होते. वेताच्या वेली झाडांवरून झाडांवर गेल्या होत्या. पुस्तकात ज्या नावांखाली मी पेन्सिलने रेघा मारल्या होत्या ती नावे येथे साठ-सत्तर हात उंच वाढून माझ्याकडे वरून पाहत होती. मला बोलावेसे वाटत होते, आणि बोलायला सुचत नव्हते.

तेथील उद्यानाधिकाऱ्याचा सत्कार करणे क्रमप्राप्त होते. आमच्या भागात सत्कार झाल्याशिवाय कोणतीही गोष्ट झाली असे मानत नाहीत. शाली आम्ही नगरहून नेल्या होत्या. नारळ तेथे घ्यायचे ठरले होते. पण शेंडीचा नारळ काही मिळाला नाही, मिळाले ते हिरवे शहाळे. चेअरमनसाहेबांनी अधिकाऱ्याच्या खांद्यावर शाल पांघरली, ती त्या दमट उकाड्यात त्याने हसतमुखाने सहन केली, आणि मग त्याच्या हातावर शहाळे ठेवून ते भाषणासाठी घसा साफ करू लागले. अधिकाऱ्याने कमरेचा कोयता काढला, एका घावात शहाळ्याचे तोंड उडवले आणि उभ्या उभ्या ते पिऊन टाकले. मग त्याने पुसून ते चेअरमनसाहेबांना परत केले. अशी परिस्थिती आमच्या कोणाच्याही अनुभवातली नव्हती. चेअरमनसाहेबांनी ते रिकामे शहाळे दोन्ही हातांत धरून पूर्ण भाषण केले.

मग प्रश्नोत्तरे झाली.

“हे एवढं रान कोणाचं?” व्हाइस चेअरमननी विचारले.

मी विचारून सांगितले, “सरकारचं.”

“कसायला कधी देणार?”

“देणार नाहीत म्हणतात. आहे तसंच ठेवणार.”

“आन हे काय करत्यात मंग इथं?” आबांनी अधिकाऱ्याकडे बोट केले.

मी प्रश्न शक्य तितका सौम्य करून विचारला. अधिकाऱ्याने गंभीरपणे उत्तर दिले.

“काही करत नाहीत,” मी सांगितले. “काही न करणं, आणि दुसऱ्या कोणाला करू न देणं, हेच त्यांचं काम आहे.”

आबांनी त्या माणसाला नखशिखांत न्याहाळले. “आपल्या मंडळात चाललं असतं ह्ये,” ते म्हणाले.

तेवढ्यात पाऊस आला. आमच्याकडे त्या वर्षी ज्येष्ठ, आषाढ दोन्ही कोरडे गेले होते. विहिरींच्या तळाशी माणसे उतरून वाटीने पाणी भरत होती. आणि येथे पाऊस असा पडत होता, की समोरचा डोंगर दिसेनासा झाला. संचालक एका ओळीत झोपडीच्या वळचणीखाली उभे होते. शेवटी दोन अबोल संचालकांपैकी एक, जे एरवी सबंध दौऱ्यात बोलल्याचे मला आठवत नाही, ते भरल्या आवाजात म्हणाले, “आणि खाली पीक काहीच नाही हो.”

दुसरे उद्यान मोठे होते, डोंगरमाथ्यावर, ढगात. तेथे आम्ही एक मुक्काम करणार होतो, पण आम्ही वर पोचलो आणि मागे घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. दिवसामागून दिवस आम्ही त्या विश्रामगृहात अडकलो. पहाटे गिबन वानरे अशा लांब, चढत्या सुरात ओरडत, की व्हाइस चेअरमन दचकून उठून बसत आणि ‘भोंगा झाला का?’ म्हणून विचारत. धनेश पक्षी डोक्यावरून उडत तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज गुऱ्हाळाच्या भट्टीला वारा घालावा तसा येई. गवतात जळवा होत्या. आबांनी त्यांच्याशी प्रथम वैर केले, मग त्यांच्यावर विजय मिळवण्यासाठी धोतराचा काचा मारून पायांना तंबाखूचे पाणी लावले, आणि मग रोज संध्याकाळी आमच्या पायांवरच्या जळवा दाखवून हसण्याचा आनंद घेतला.

अशात ऑगस्टचा शेवटचा दिवस आला. दर महिन्याला विश्वस्तांची सभा झालीच पाहिजे, असा संस्थेचा नियम होता, आणि चेअरमनसाहेबांच्या कारकिर्दीत एकही महिना कोरा गेला नव्हता. माझी मुदतही त्या दिवशी संपत होती. ठराव झाला तर मी कायम, न झाला तर आपोआप मोकळा. सकाळपासून मी नेवाशाच्या कचेरीचा, तिथल्या लाल फडक्यांत बांधलेल्या दप्तरांचा विचार करीत होतो.

दुपारी तेथला वनाधिकारी आम्हाला जीपने रानातल्या एका लाकडी मनोऱ्यावर घेऊन गेला. उंच खांबांवर चौकोनी माचा, वर पत्र्याचे छप्पर, चढायला शिडी. समोर खारवट मातीचा एक उघडा तुकडा होता, तेथे हत्ती माती चाटायला येतात असे त्याने सांगितले. त्याने मला बजावले, की हत्ती आले तर कोणीही आवाज करायचा नाही, हलायचे नाही. आम्हाला वर चढवून तो जीपचे रुतलेले चाक काढायला मागे गेला. आणि पाऊस सुरू झाला.

चेअरमनसाहेबांनी एकदा खाली पाहिले, एकदा सर्वांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरत गेला.

“सगळे हजर आहेत,” ते म्हणाले. “कोरम आहे. आज एकतीस तारीख. तातडीची सभा इथंच घेऊन टाकू.”

“हितं?” आबा म्हणाले.

“नियमात जागा लिहिलेली नाही.”

“नोटीस?”

“ही तोंडी दिली. तातडीच्या सभेला चालते.”

“मी सभात्याग करतो,” आबा म्हणाले आणि वहाणा घालून शिडीशी गेले. खाली गवत हलत होते. त्यात त्यांनी एवढे दिवस जिंकलेल्या सर्व जळवा त्यांची वाट बघत असाव्यात. ते थोडा वेळ तेथे उभे राहिले. मग वहाणा काढून परत येऊन बसले. “सभात्याग केला हुता, असं समजा,” ते म्हणाले.

“समजलो,” चेअरमनसाहेब म्हणाले. “आणि परत आलात, तेही समजलो.”

मागील सभेचा वृत्तांत वाचायला जवळ नव्हता म्हणून तो वाचला असे धरून कायम करण्यात आला. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना जाळी बसवण्याचे ठरले. मग चेअरमनसाहेब म्हणाले, “आता सरांचा विषय.”

“थांबा,” आबा म्हणाले. “ज्याचा विषय, त्यानं बाहीर जायचं. नियम हाय.”

नियम खरा होता. गावी असतो तर मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो असतो. येथे व्हरांडा नव्हता. सर्वांनी माझ्याकडे थोडे ओशाळून पाहिले, पण नियमाला कोणी काही म्हणेना, आणि मला तर भर सभेत नियमाविरुद्ध बोलणे कोणत्याच देशात शक्य नव्हते. व्हाइस चेअरमननी आपली छत्री मला दिली. मी शिडी उतरलो.

मनोऱ्याला लागूनच एक प्रचंड वृक्ष होता. त्याची मुळे बुंध्यापासून फळ्यांसारखी उभी निघाली होती, आणि दोन फळ्यांच्या मध्ये माणूस उभा राहू शकेल असा कोनाडा होता. मी तेथे उभा राहिलो. खरे सांगायचे तर मला फार वाईट वाटत नव्हते. सालीवर इवलीशी आमरे, म्हणजे ऑर्किड, होती, राळेचा वास येत होता, आणि अशा झाडाला मी पहिल्यांदाच हात लावत होतो. वरून माझी चर्चा स्वच्छ ऐकू येत होती. सर्वजण माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्याने बोलत होते.

“माणूस हुशार आहे,” चेअरमनसाहेब म्हणत होते.

“आसंल. पेटीत ठेवलेलं सोनं हुशार नसतं का?” आबा म्हणत होते. “पोरास्नी उपेग काय?”

तेव्हा मला समोरच्या वेताच्या जाळीत एक राखाडी भाग हलताना दिसला. प्रथम मला तो खडक वाटला, मग त्या खडकाने कान हलवला.

मी अतिशय हळू शिडी चढून गेलो आणि माच्याच्या पातळीवर डोके काढून, शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. ओरडायचे नाही असे वनाधिकाऱ्याने सांगितले होते, आणि ती सूचना पाळणे मला जन्मतःच सोपे होते.

व्हाइस चेअरमननी मला पाहिले. “सर,” ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “तुमच्यावरच चाललंय. बरं दिसत नाही. व्हा खाली.”

मी ओठांवर बोट ठेवले, खाली खूण केली.

“बघा!” आबा म्हणाले. “आता तर नुसत्या खुना करायला लागलं!”

“सर, पाच मिनिटं,” चेअरमनसाहेबही म्हणाले. “मी सांभाळतो.”

मी खाली गेलो. आज याचा विचार करताना मला स्वतःलाच नवल वाटते. पण सभेच्या अध्यक्षांनी खाली जा म्हटल्यावर खाली हत्ती आहे ही सबब मला पुरेशी वाटली नाही. शिवाय एकदा हत्ती जाळीतून बाहेर आल्यावर शिडी आणि मी यांच्या मध्ये तोच होता. मी छत्री मिटली आणि मुळांच्या कोनाड्यात पाठ टेकून उभा राहिलो.

तो एकटाच होता, मोठा सुळेवाला. खारवट माती त्याने नुसती हुंगली आणि सोडून दिली. त्याला वरच्या आवाजांविषयी कुतूहल वाटले असावे. तो मनोऱ्याच्या बाजूला, माझ्यापासून बैलगाडीच्या लांबीवर येऊन थांबला आणि त्याने सोंड वर केली. त्याच्या अंगावरून पाणी ओघळत होते. त्याच्या डोळ्याची पापणी मला दिसत होती.

“…आन म्हनून माझा सक्त इरोध…” आबांचा आवाज आला, आणि मधेच तुटला.

मग वर काहीच ऐकू येईना. एवढी शांतता त्या मंडळाच्या सभेत पूर्वी कधी झाली नसेल. हत्तीने सोंड माच्याच्या कठड्यावर टेकवली असावी. लाकूड किंचित करकरले. पाऊस तेवढा पत्र्यावर वाजत होता. मग तो वळला, आणि जसा आला तसा, एवढे मोठे अंग असूनही फांदीचा आवाज न करता, रानात गेला.

बऱ्याच वेळाने वरून चेअरमनसाहेबांचे डोके बाहेर आले. “सर! आहात का?”

मी आहे म्हणालो.

“वर या. एकमतानं कायम झालात.”

मला काही समजेना. वर गेलो तेव्हा आबा कठड्याला टेकून घाम पुसत होते आणि इतर तिघे एकमेकांच्या अंगाला चिकटून बसले होते. झाले होते ते असे. हत्तीची सोंड कठड्यावर आली, तेव्हा बोलायची कोणाची छाती नव्हती. पण चेअरमनसाहेबांना त्याही स्थितीत विषय अर्धा सोडवेना. त्यांनी ओठांच्या हालचालीने ‘अनुकूल?’ असे विचारले आणि स्वतः हात वर केला. त्यांच्या गटातल्या तिघांनी सवयीने केला. आणि त्याच क्षणी आबांनी दोन्ही हात जोडून डोक्याच्या वर नेले. आबांचे हात अनुकूल म्हणून चेअरमनसाहेबांनी याआधी कधीच मोजले नव्हते. त्यांनी ते लगेच मोजले.

जीपमध्ये आबा उसळले. “माझं हात मताचं न्हवतं! गनपतीला जोडलं हुतं मी! साक्षात समूर उभा, सोंड लावून, मंग काय खिशात घालू हात?”

“वर होते की नव्हते?” चेअरमनसाहेब म्हणाले.

“हुतं. पन देवाला!”

“मग देवापुढं वर केलेले हात आता खाली घेता? सगळ्यांसमोर?”

आबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले. वनाधिकारी काळजीने मला विचारत होता, की हत्ती आला तेव्हा वर एवढ्या मोठ्याने काय चालले होते आणि मी खाली का होतो. मी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्याने विचारले, हा तुमचा धार्मिक विधी आहे का? मी थोडा विचार करून होय म्हणालो. संध्याकाळी त्याचाही सत्कार झाला.

गावी परतल्यावर सप्टेंबरच्या सभेत वृत्तांत कायम होण्याचा विषय आला, तेव्हा मी व्हरांड्याच्या दाराशी येऊन उभा राहिलो. कारण आबांनी तेथे हरकत घेतली असती तर सगळेच पुन्हा निघाले असते. चेअरमनसाहेबांनी विचारले, “कोणाची हरकत?” आबा छताकडे बघत होते. विषय पुढे गेला.

सभेनंतर ते मला व्हरांड्यात आडवे आले.

“मास्तर, रविवारी मोकळं हाय का?”

“आहे. का?”

“सिद्धटेकला जायचंय. तुमी बी यायचंय. न आलात तर फिटत न्हाई.”

“काय फिटत नाही?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच संकोच पाहत होतो. तो मला घरच्यासारखा ओळखीचा वाटला.

“मी वरनं बघितलं तवा,” ते म्हणाले, “खाली हत्तीची पाठ दिसत हुती, आन तिच्या म्होरं तुमची ती मिटलेली छत्री. मीच धाडलं हुतं तुमाला खाली. नियम म्हनून. मंग काय करनार? हात जोडलं आन म्हनलं, देवा, ह्या मास्तरला तेवढा सोड, मंग व्हऊ दे कायम. माझं काई म्हननं न्हाई.” त्यांनी आवाज खाली आणला. “चेअरमनला सांगू नका. त्याला वाटंल, त्याचं मोजनं बरुबर हुतं.”

रविवारी आम्ही गेलो. नवस दूर्वांच्या जुडीचा होता, आणि त्या दुष्काळात देवळाबाहेर दूर्वा विकायला कोणी बसले नव्हते. गवताचे पाते दिसले की जनावरे ते मुळासकट खात होती. “वनस्पतीचं मास्तर ना तुमी?” आबा म्हणाले. “हुडका मंग.” भीमेचे पात्र आटून मध्ये एक धार उरली होती. तिच्या कडेच्या ओलसर वाळूत मी पँट गुडघ्यापर्यंत वळून, ओणवा होऊन, खडकांच्या फटीत हात घालून एकेक पाते शोधू लागलो. आबा माझ्या डोक्यावर छत्री धरून मागे मागे सरकत होते आणि मिळालेली पाती ओल्या रुमालात ठेवत होते.

डोक्यावर पाण्याची घागर घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई पलीकडून येत होत्या. त्या थांबल्या.

“काय हरपलं का ओ, भाऊ?”

“हरपलं न्हाई, आक्का,” आबा म्हणाले. “ह्ये मास्तर कायम झालं, म्हनून गवत हुडकत्यात.”

बाईंनी घटकाभर विचार केला. मग त्यांनी घागर वाळूत नीट बसवली, पदर खोचला, आणि माझ्या शेजारी उकिडव्या बसून त्याही शोधू लागल्या.